एका म्यानात दोन तलवारी

एका म्यानात दोन तलवारी राहत नाहीत, असे जुने लोक सांगत. त्यांनी संगणकाचा कळफलक पाहिला नव्हता. तिथे मराठी आणि इंग्रजी या दोन जावा एकाच चुलीवर स्वयंपाक करतात, आणि भांड्याला भांडे लागते ते आपल्या कानांशी!

पूर्वी त्यांच्या चुली वेगळ्या होत्या. गोदरेजने १९५५ साली भारतीय बनावटीचे टंकलेखनयंत्र काढले. पुढे कल्याण-डोंबिवलीकडे टंकलेखनाचे वर्ग निघाले. तिथे इंग्रजी यंत्रांची रांग निराळी, मराठीची निराळी. १९६४ च्या राजभाषा अधिनियमाने राज्यकारभार मराठीत आणायचे ठरले, तेव्हा नोकरी हवी असणाऱ्याला दोन्ही रांगांत बसणे भाग पडले. सरकारी परीक्षा मराठीची काय आणि इंग्रजीची काय, मिनिटाला ३० शब्दांपासून पुढे. आमच्या वहिनींनी दोन्ही दाखले मिळवले आणि त्या बळावर डोंबिवलीहून रोज लोकलने जाऊन ठाण्याच्या एका कचेरीत ३० वर्षे नोकरी केली. आम्हां दिरांची शिक्षणे त्या दोन दाखल्यांवर झाली. त्यांच्या बोटांना पक्के ठाऊक असे, की या यंत्रापुढे मराठी, त्या यंत्रापुढे इंग्रजी.

संगणक आला आणि घर एकत्र झाले. केंद्र सरकारने १९८६ साली भारतीय भाषांसाठी ‘इन्स्क्रिप्ट’ नावाची मांडणी ठरवली. स्वर डाव्या हाताला, व्यंजने उजव्या हाताला. मांडणी मोठी शहाणी. एकदा हाताला बसली की तिच्यावर गुजराती, कानडीसुद्धा लिहिता येते. पण वहिनींचा हात पहिल्या वेलांटीलाच अडला. जुन्या यंत्रावर ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या आधी मारायची, इथे अक्षरानंतर. माहेरचे वळण एका दिवसात कसे सुटणार?

त्यात भाषा बदलल्याची खूण पडद्याच्या कोपऱ्यात, नखाएवढी. ती बदलायची राहून गेली आणि इंग्रजी समजून ‘ठाणे’ लिहिले, की उमटते ‘ऊपोला’. कल्याणचे होते ‘खोतबोल’. आणि डोंबिवलीचे? ‘अदसवगनतग’! गर्दीच्या फलाटावरची उद्घोषणासुद्धा इतकी अगम्य नसते.

या कटकटीला कंटाळून तरुण मंडळींनी तोडगा काढला : भाषा मराठी, अक्षरे इंग्रजी. सोय झाली खरी. पण त्या अक्षरांपाशी ‘ळ’ कुठला? परदेशातल्या नातवाने वहिनींना कळवले, ‘आजी, सध्या वेळ नाही.’ वहिनींनी वाचले, ‘वेल नाही’, आणि उलट विचारले, ‘कुठली रे वेल? जाईची का?’ आम्ही पोट धरून हसलो. वहिनी हसल्या नाहीत.

“भावोजी,” त्या म्हणाल्या, “आज ळ गेला. उद्या याच्या मुलांना माझी चार अक्षरे वाचताच आली नाहीत तर?”

याला आमच्यापाशी उत्तर नव्हते.

दुसऱ्या दिवसापासून पंचाहत्तरीतल्या वहिनी दुपारची झोप सोडून कळफलकापुढे बसू लागल्या. वेलांटी मागून, ओठांनी पुटपुटत. नातवालाही त्यांनी बजावले : मला लिहायचे तर आपल्या अक्षरांत लिही, चुकले तरी चालेल.

गेल्या महिन्यात त्याची देवनागरीतली पहिली ओळ आली. ‘आजी, दीवाळीला येतो.’ वेलांटी चुकली होती. ळ मात्र जागेवर होता. वहिनींनी ती ओळ दोनदा वाचून दाखवली आणि अनारशांचे तांदूळ भिजत घालायला उठल्या.