उचल

श्रावण लागला की आमच्या वस्तीवर मुकादमाची मोटारसायकल यायची. बीड जिल्ह्यातला बालाघाटचा डोंगरपट्टा आमचा. जमीन तीन एकर, त्यातली दीड नुसती खडकाळ. दसरा झाला की निम्मं गाव ट्रकात बसून सांगली-कोल्हापूरकडं, नाहीतर कर्नाटकात ऊस तोडायला जायचं आणि पट्टा पडला, म्हणजे कारखाना बंद झाला, की परत यायचं. जायच्या आधी मुकादम जे पैसे देतो ती उचल. ती हंगामभर तोडून फेडायची. नवरा-बायको मिळून एक कोयता. एकटा माणूस असला तर अर्धा. माणसांची मोजदाद आमच्याकडं अशी कोयत्यावर होते.

२००६ सालच्या श्रावणात मुकादम आला तेव्हा आण्णांनी दीड कोयत्याची उचल मागितली.

"अर्धा कुठनं वाढला, आण्णा?" मुकादमानं विचारलं.

आण्णांनी धाकट्याकडं बोट केलं. धाकटा तेव्हा अकरावीत होता. त्याला आधी कुणी विचारलं होतं का, हे मला अजून ठाऊक नाही. मी तिथंच ओट्यावर बसलो होतो, मांडीवर समाजकार्य महाविद्यालयाचं माहितीपत्रक. मीही त्याला विचारलं नाही. अर्ध्या कोयत्याचे दहा हजार वाढवून मिळाले आणि त्यातले सहा घेऊन मी दुसऱ्या दिवशी सकाळच्या एस.टी.नं शहर गाठलं.

एम.एस.डब्ल्यू. म्हणजे काय, हे घरात कुणाला सांगता आलं नाही. बी.ए.ला असताना आमच्या भागात साखरशाळा चालवणाऱ्या एका कार्यकर्त्याबरोबर मी थोडा हिंडलो होतो. त्यानंच सांगितलं होतं की ह्याचं रीतसर शिक्षण असतं, मुंबईत १९३६ साली टाटांच्या नावानं ते सुरू झालं आणि आता मराठवाड्यातही कॉलेजं आहेत. मायला एवढंच कळलं की मी समाजाची सेवा शिकायला चाललोय.

"सेवा कराया पैशे भराया लागत्यात व्हय रं?" ती म्हणाली.

ह्याचं उत्तर मला तेव्हा आलं नाही. पुढं दोन वर्षांत कुठल्या प्राध्यापकालाही मी ते विचारलं नाही.

आमची जात भटक्या जमातीत मोडते, त्यामुळं शिकवणी फी माफ होती आणि समाजकल्याणकडून शिष्यवृत्ती मिळणार होती. सरकारी शिष्यवृत्तीची ही वाट जुनी आहे. अनुसूचित जातींच्या मुलांसाठीची मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती १९४४ पासूनची, पुढं आमच्यासारख्यांसाठीही तशी योजना आली. ती नसती तर मी कोयताच उचलला असता, ह्यात मला शंका नाही. पण शिकवणी फी सोडून बाकी सगळं होतंच. प्रवेश शुल्क, अनामत, परीक्षा फॉर्म, शिबिराचे पैसे. ते सहा हजार पहिल्या पंधरा दिवसांत संपले.

मग शिष्यवृत्तीचा अर्ज. तेव्हा सगळं कागदावर होतं. जातीचा दाखला, टी.सी., गुणपत्रिका, रहिवासी आणि तहसीलदाराचा उत्पन्नाचा दाखला. तहसीलदार दाखला देणार तलाठ्याच्या अहवालावर. तलाठी भाऊसाहेब आठवड्यातून एकदा सज्जावर यायचे. मी रजा टाकून गावी गेलो, दोन वेळा चुकामूक झाली, तिसऱ्या वेळी गाठ पडली.

"वडलांचं उत्पन्न किती?"

"शेतीत काही नाही. ऊसतोडीला जातात."

"उचल किती घेतली यंदा?"

मी आकडा सांगितला. त्यांनी पेन थांबवलं. एवढं उत्पन्न लिहिलं तर अडचण होईल, म्हणाले. मी म्हणालो, भाऊसाहेब, ते उत्पन्न नाही, ते कर्ज आहे. ते हसले. "पैशे हातात आले का न्हाई? मग?"

पाऊण तास आम्ही दोघं ह्यावर बोललो. त्यांचंही फार चुकत नव्हतं. कुठल्या रकान्यात उचल लिहायची, हे त्यांना कुणी सांगितलेलं नव्हतं. जो पैसा खर्चून झालाय, ज्याचं काम अजून करायचंय, अन् ते काम पुरं नाही झालं तर पुढच्या साली बाकी म्हणून अंगावर बसणार, त्याला उत्पन्न म्हणायचं का? शेवटी त्यांनी मजुरीचे दिवस धरून काहीतरी हिशोब मांडला आणि एक आकडा लिहिला. तो कुठून आला ते मी विचारलं नाही. त्यांच्यासाठी एक चहा सांगितला.

दाखला हातात आला तोवर दसरा होऊन गेला होता आणि घराला कुलूप होतं. अर्जावर पालकाची सही किंवा अंगठा हवा. कॉलेजातला शिष्यवृत्तीचा क्लार्क म्हणाला, "त्यात काय, मित्राचा अंगठा मार." बरीच मुलं तसं करायची. मला ते जमलं नाही. प्रामाणिकपणा म्हणून नव्हे, पकडलं गेलो तर शिष्यवृत्ती जाईल ह्या भीतीनं. शनिवारी रात्रीची गाडी धरून मी सांगली जिल्ह्यात गेलो.

टोळी सापडेपर्यंत रविवारची दुपार झाली. कारखान्याच्या गटऑफिसातून एका गावाचं नाव मिळालं, तिथं पोचल्यावर कळलं की टोळी काल दुसऱ्या शिवारात हलली. फडात आधी धाकटा दिसला. डोक्याला मायचं फाटकं लुगडं गुंडाळलेलं, अंगात माझा बी.ए.चा शर्ट, बाह्या मनगटापर्यंत ओढलेल्या. तरी पाचटानं हातावर बारीक रेघा पाडलेल्या होत्या. मला बघून तो हसला, पण कोयता थांबवला नाही. आणखी चार-पाच ऊस पाडून, ते मोळीवर टाकून मग आला.

"कसं काय, सायेब?"

मी अर्ज काढला, शाईचा पॅड काढला. आण्णांचा डावा अंगठा धरून कागदावर टेकवला. नुसता काळा डाग उठला. पुन्हा टेकवला, पुन्हा डागच. इतक्या वर्षांच्या तोडणीनं अंगठ्याच्या रेघा घासून गेल्या होत्या. अर्ज एकच होता. धाकट्यानं आण्णांचा अंगठा पाण्यानं धुतला, मायच्या पदराला पुसला, पीठ चोळून परत पुसला, आणि चौथ्या खेपेला दोन-चार वाकड्या रेघा कशाबशा उमटल्या. आण्णा म्हणाले, "इतकं वळखाया लागतंय व्हय सरकारला मला?"

रात्र कोपीत काढली. दोन वाजता ट्रॅक्टर आला म्हणून हाक पडली. धाकटा उठला, मीही उठलो. मोळी डोक्यावर घेऊन फळीवरून ट्रॉलीत चढायचं. तिसऱ्याच मोळीला माझा पाय घसरला. धाकट्यानं मला बाजूला बसवलं आणि माझ्या वाटच्याही मोळ्या त्यानंच टाकल्या. सकाळी निघताना त्यानं हातात साठ रुपये ठेवले. वाढं विकून आलेले. उसाचे शेंडे जनावरांच्या चाऱ्याला विकायचे आणि त्यावर रोजचं तेल-मीठ चालवायचं, असा फडातला रिवाज. म्हणजे त्या आठवड्याचं त्यांचं तेल-मीठ मी घेऊन आलो.

समाजकार्याच्या शिक्षणात आठवड्याचे दोन दिवस क्षेत्रकार्य असतं. वर्गात जे शिकायचं ते वस्तीत, गावात, दवाखान्यात जाऊन करायचं आणि त्याचा अहवाल लिहायचा. मला शहरापासून पंचवीस-तीस किलोमीटरवरचं एक गाव मिळालं. विद्यार्थ्यांचा एस.टी.चा सवलतीचा पास एका ठरलेल्या मार्गाचा, हे गाव त्या मार्गावर नव्हतं. जाऊन-येऊन पूर्ण तिकीट. शिष्यवृत्तीच्या कुठल्याच रकान्यात हे भाडं बसत नव्हतं. आमच्या वर्गातली निम्मी मुलं ह्या भाड्यापायी टेकीला यायची. कुणी ट्रकला हात करायचं, कुणी एक दिवस जाऊन दोन दिवसांचा अहवाल लिहायचं. मार्गदर्शक बाईंना ते कळत असणार. पण अहवालात 'वस्तीशी विश्वासाचं नातं निर्माण केलं' असं लिहिलेलं असलं की त्या सही करायच्या.

त्या गावात माझं काम काय, तर निराधार बायांचे संजय गांधी योजनेचे अर्ज भरणं. तलाठ्याचा अहवाल, तहसीलदाराचा दाखला, वयाचा पुरावा. सगळी पायवाट मला तोंडपाठ झालेली. एका म्हातारीबरोबर मी चार वेळा तहसीलला गेलो. चौथ्या वेळी ती मला म्हणाली, "लेकरा, तुला किती पगार देत्यात?" मी म्हणालो, आजी, मी शिकतोय, माझाच पैसा सरकारकडं अडकलाय. तिनं पदराची गाठ सोडून दहाची नोट काढली. घेतली नाही. पण परत येताना बसमध्ये मला रडू आलं, ते लाजेचं होतं की भुकेचं ते आता सांगता येत नाही.

दर सोमवारी मी क्लार्कच्या खिडकीशी जायचो. "बिल ट्रेझरीत आहे." "अनुदान आलं नाही." "मार्चनंतर बघू." आमची समाजकार्याची अनुदानित कॉलेजं उच्च शिक्षण खात्याकडं नाहीत, समाजकल्याणकडंच आहेत. म्हणजे आम्हाला शिकवणारं खातं आणि आम्हाला ताटकळत ठेवणारं खातं एकच. गरिबांच्या योजना त्यांच्यापर्यंत का पोचत नाहीत, ह्यावर दहा गुणांचा प्रश्न असायचा. मी त्याचं उत्तर बरं लिहायचो.

त्या दिवसांत मला जगवलं ते खाणावळीच्या मावशींनी. नवऱ्यामागं दोन लेकींना घेऊन सात-आठ पोरांना जेवू घालायच्या. पहिल्या महिन्यात पैसे दिले, दुसऱ्यात निम्मे, पुढं वहीवर. एकदा मी तीन दिवस गेलोच नाही, तोंड दाखवायची लाज वाटून. चौथ्या दिवशी त्यांची धाकटी लेक डबा घेऊन खोलीवर आली. "आई म्हणाली, वही कुठं पळून चाललीय का."

लायब्ररीत बाबासाहेबांचं चरित्र वाचत होतो. १९१३ साली सयाजीराव गायकवाडांच्या शिष्यवृत्तीवर ते अमेरिकेला, कोलंबिया विद्यापीठात गेले. तिलाही करार होता. शिकून आल्यावर दहा वर्षं बडोदा संस्थानची नोकरी करायची. आणि १९१७ मध्ये करार पाळायला ते बडोद्यात गेले, तर त्यांना राहायला जागा मिळेना. सुट्टीत हे मी धाकट्याला सांगितलं. तो म्हणाला, "मंजी त्येंनीबी उचलच घेतली व्हती की." जरा थांबून म्हणाला, "पर टायमावर मिळाली."

आता मी एका वसतिगृहावर काम करतो. २०१७ नंतर अर्ज महाडीबीटीवर गेले, पैसे आधारला जोडलेल्या खात्यात येतात, अंगठ्याची यातायात निम्मी कमी झाली. वसतिगृहात जागा न मिळालेल्या अनुसूचित जातीच्या मुलांसाठी स्वाधार योजना आली, हेही चांगलं झालं. पण मुलं मोबाईल घेऊन येतात, 'सर, बघा ना', आणि पडद्यावर अर्ज त्रुटीत परत आलेला असतो. उत्पन्नाच्या दाखल्याची मुदत संपली, खातं आधारला जोडलेलं नाही, नावातली एक वेलांटी वेगळी. समाजकार्याची पोरं त्यात जास्त चिडतात, कारण क्षेत्रकार्यात ती दुसऱ्यांच्या ह्याच त्रुटी काढून देत असतात. मी त्यांना आधी एवढंच विचारतो, जेवलास का?

माझे पैसे २००८ च्या मे महिन्यात आले, शेवटचा पेपर झाल्यावर. पहिल्या वर्षाचे. क्लार्कनं वही पुढं केली, मी रुपयाचं रेव्हेन्यू तिकीट चिकटवून त्यावर आडवी सही केली आणि चार हजार अन् वर काही रुपये मोजून घेतले. तिथून सरळ मावशींकडं गेलो. त्यांनी वही काढली, बेरीज केली, मग वरचे तीनशे खोडले आणि ते का खोडले ते सांगितलं नाही. माझ्याजवळ एकवीसशे उरले.

गावी पोचलो तेव्हा टोळी परतून पाच-सहा दिवस झाले होते. त्या दोन्ही साली ऊस इतका होता की पट्टा पडता पडेना. धाकटा अंगणात बाजेवर पडला होता, खांद्याला हळद लावलेली. अकरावीचं दप्तर आढ्याला टांगलेलं तसंच होतं. त्याच्या हातात मी पैसे दिले. तो उठून बसला, बोटाला थुंकी लावून सावकाश मोजले.

"हे कशाचं?"

"शिष्यवृत्तीचं. तुझं हाय ते."

"ह्येच्यात किती टन तोडायचा?"

"काही नाही तोडायचं. सरकारनं दिलेत."

त्यानं माझ्याकडं बघितलं, मी चेष्टा करतोय का म्हणून. मग परत एकदा मोजले. शंभराची एक नोट काढून माझ्या खिशात घातली, जायला लागतील म्हणाला, आणि उरलेले मायकडं दिले. मायनं ते डब्यात ठेवले. मुकादमाची अकरा हजार बाकी निघाली होती आणि तो शनिवारी येणार होता.