दोन स्टार आणि एक फीत

सुभेदाराच्या खांद्यावर दोन स्टार आणि लेफ्टनंटच्या खांद्यावरही दोनच. मग सॅल्यूट कोणी कोणाला मारायचा?

स्टारसोबत लाल-पिवळी फीत दिसली की तो जेसीओ, म्हणजे ज्युनिअर कमिशन्ड ऑफिसर. फीत नसली तर खराखुरा 'ऑफिसर'. सॅल्यूट फीतवाला मारतो. (आपल्या पीएसआयच्या खांद्यावर दोन स्टार आणि लाल-निळी फीत असते, तो घोळ अजून वेगळा!)

हे ज्ञान मामांचं. मामा बॉम्बे सॅपर्समधून, म्हणजे आपल्या खडकीच्या, सुभेदार म्हणून रिटायर झाले. त्यांचा मुलगा बीएस्सीच्या शेवटच्या वर्षाला आहे आणि त्याच्यापुढे दोन फॉर्म आहेत. एक अग्निवीरचा, दुसरा सीडीएसचा. "दादा, कुठला भरू?" असं तो मला विचारतो. आता मी जावात कोड लिहिणारा माणूस, मी काय कपाळ सांगणार? म्हटलं, आधी फरक तरी समजून घेऊ. एका रविवारी मामांकडे जाऊन बसलो.

शिपाई, मग लान्स नायक, नायक, हवालदार. यातले शेवटचे तीन एनसीओ. दंडावर एक, दोन, तीन पट्ट्या. दहाएक जवानांचं सेक्शन यांच्या हातात. त्यावर नायब सुभेदार, सुभेदार, सुभेदार मेजर, हे जेसीओ. तीसेक जवानांची प्लाटून बहुतेक वेळा तेच चालवतात. सुभेदार मेजर अख्ख्या बटालियनमध्ये एकच. इथपर्यंतचा माणूस खालून चढत आलेला असतो. ऑफिसर मात्र एनडीए किंवा आयएमएमधून थेट वरच्या मजल्यावर उतरतो. म्हणजे बावीस-तेवीस वर्षांचं पोरगं येतं आणि पंचवीस वर्षं नोकरी झालेला सुभेदार त्याला सॅल्यूट मारतो. पोरगंही त्याला नुसत्या नावाने हाक मारत नाही बरं का, 'साहब' म्हणतं.

गंमत म्हणजे हे शब्द आपल्या ओळखीचे. शिवकाळात गडाचा हवालदार म्हणजे किल्ल्याचा प्रमुख अधिकारी. मल्हारराव होळकर माळव्याचे सुभेदार होते! इंग्रजांनी पदवी ठेवली आणि माणूस लहान केला. त्यांच्या फौजेत सर्वात ज्येष्ठ सुभेदार मेजरसुद्धा बोटीतून नुकत्याच उतरलेल्या गोऱ्या पोराच्या खालीच. गोऱ्या साहेबाला आणि जवानाला जोडणारा दुवा म्हणून ही मधली पायरी. तेव्हा यांना व्हाइसरॉयज् कमिशन्ड ऑफिसर म्हणत, स्वातंत्र्यानंतर जेसीओ झाले. साहेब गेला, पायरी राहिली.

का राहिली, हे मामांनी एका वाक्यात सांगितलं. "काय करायचं ते साहेब सांगतो. ते कसं व्हायचं, ते आम्ही बघतो." ऑफिसर दोन-तीन वर्षांनी बदलून जातो, जवान मात्र साधारण एकाच रेजिमेंटमध्ये आयुष्य काढतो. कोणाच्या घरी आई आजारी आहे, कोण चार दिवस नीट जेवत नाहीये, हे सुभेदाराला आधी कळायला हवं. आमच्याकडेही मॅनेजर बदलतात आणि रात्री दोनला सर्व्हर पडला की फोन भलत्यालाच जातो. पण तो 'भलता' वैतागून कंपनी बदलू शकतो. आणि सर्व्हर पडल्याने कोणी मरत नाही. असो.

वरचा दरवाजा अगदी बंद असतो असंही नाही. मामांचे हिरो राम राघोबा राणे, कारवारजवळच्या चेंडियेचे. १९४० मध्ये बॉम्बे इंजिनिअर्समध्ये साधे शिपाई म्हणून भरती झाले, ब्रह्मदेशात लढले, हवालदार झाले आणि डिसेंबर १९४७ मध्ये सेकंड लेफ्टनंट. पुढच्याच एप्रिलमध्ये नौशेरा-राजौरी रस्त्यावर रणगाड्यांसाठी सुरुंग काढत, आडवी टाकलेली झाडं उडवत ते पुढे सरकले. पहिल्याच दिवशी जखमी झाले, तरी थांबले नाहीत. परमवीरचक्र मिळालं, तेही हयातीत. आमच्या इंजिनिअरिंगच्या चार वर्षांत हे नाव एकदाही कानावर आलं नव्हतं.

मामांना तो दरवाजा उघडला नाही. काही जेसीओंना २६ जानेवारी किंवा १५ ऑगस्टला ऑनररी लेफ्टनंट, कॅप्टन करतात, तेही नाही. "माझ्या हाताखाली काम शिकलेले दोन साहेब ब्रिगेडियर झाले," असं मात्र ते दोनदा म्हणाले.

माझं मत मी सांगून टाकलं. २०२२ पासून भरती अग्निवीर म्हणून होते, चार वर्षांसाठी. त्यातले पंचवीस टक्क्यांपर्यंतच पुढे कायम होतात. सुभेदार व्हायला वीस-पंचवीस वर्षं लागतात, म्हणजे चार वर्षांत तो रस्ता धड सुरूही होत नाही. पदवी हातात येतेय, तर सीडीएस दे.

मामेभाऊ खाली बघत म्हणाला, "पण दादा, मला पप्पांसारखं व्हायचंय."

मामी आतून बाहेर आल्या. मामा बराच वेळ काही बोलले नाहीत. मग चष्मा पुसत त्यांनी विचारलं, सीडीएसच्या फॉर्मची शेवटची तारीख काय आहे?