परवलीचा शब्द

यंत्र बिघडले की माणसाचा स्वभाव उघडा पडतो, असे माझे फार जुने मत आहे. आमचे वडील रेडिओ खरखरू लागला की त्याच्या पाठीत एक थाप घालीत, आणि मौज अशी की रेडिओ बहुधा मुकाट्याने गाऊ लागे. आई कुठलेही यंत्र बिघडले तरी त्यावर फडके टाकून म्हणे, "असू दे, दमलं असेल." मी मात्र शंकेखोर आहे. बिघाड झाला की मी पहिला आळ घेतो तो सर्वांत दूरच्या गोष्टीवर: विजेवर, हवामानावर, नाहीतर सरकारवर. तिथून शोध घेत घेत मी हळूहळू घराकडे येतो, आणि जी गोष्ट हाताशी असते तिच्याकडे अगदी शेवटी पाहतो.

या स्वभावाची पुरती परीक्षा २०२५ च्या दिवाळीत, नात्याला झाली.

नाते हे आमचे गाव. महाडहून रायगडाकडे निघालात की वाटेत लागते. चिंतामणराव देशमुखांचा जन्म १४ जानेवारी १८९६ रोजी इथलाच. रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर, पुढे देशाचे अर्थमंत्री, हे सगळे खरे. पण मला त्यांचे खरे कौतुक वाटते ते त्यांनी मेघदूत मराठीत आणले म्हणून. बिनतारी निरोपाचे याहून जुने काव्य मला तरी ठाऊक नाही. यक्ष रामगिरीवर, त्याची पत्नी दूर अलकानगरीत, मध्ये ना तार ना टपाल. शेवटी डोक्यावरून जाणाऱ्या ढगालाच त्याने निरोप सांगितला.

आमच्या घरात यक्षाची भूमिका आईकडे होती. आई शहाऐंशी वर्षांची. तिचा धाकटा भाऊ, म्हणजे माझा मामा, बडोद्याला असतो. इतकी वर्षे भाऊबीजेला एकतर तो इकडे येई, नाहीतर आई तिकडे जाई. आता दोघांनाही प्रवास झेपत नाही. मोबाइलच्या वीतभर काचेत आईला भावाचा चेहरा दिसत नाही. नुसते काहीतरी हलताना दिसते. म्हणून मी ठाण्याच्या घरातला जुना संगणक, त्याच्या मोठ्या पडद्यासकट, गाडीत घालून नात्याला नेला. त्या पडद्यावर तिला मामा नीट दिसेल आणि ती त्याला ओवाळील, असा बेत होता.

निघण्यापूर्वी माझ्या मुलीने त्यावर लिनक्स बसवून दिले होते. विंडोज १० चा नियमित पाठिंबा १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, आणि त्यापुढची आवृत्ती या म्हाताऱ्या यंत्राला पेलणारी नव्हती. लिनक्सची कथा मला फार आवडते. १९९१ साली हेलसिंकीच्या विद्यापीठात शिकणाऱ्या लिनस टॉरवाल्ड्स नावाच्या पोराने हौसेखातर ते लिहायला घेतले, सगळ्या जगापुढे मांडले, आणि मग ज्याला जे सुधारता आले ते त्याने सुधारले. आमच्याकडच्या सामायिक विहिरीसारखे: कुणीही पाणी भरावे, आणि जमेल त्याने गाळ काढावा.

नरकचतुर्दशीच्या सकाळी कारीट फोडून, फराळ करून मी मोठ्या ऐटीत यंत्र सुरू केले. पडदा उजळला, सगळे काही आले. फक्त वायफायचे चिन्ह कुठे दिसेना. मी माझ्या स्वभावाप्रमाणे टॉवरला दोष दिला. मग डोंगराला. मग हातभर रुंदीच्या दगडी भिंतीला. चिडून पडद्यावरची दोनचार बटणेही दाबली. शेवटी मुलीला फोन लावला.

"बाबा, अंदाज करू नका. त्यालाच विचारा," ती म्हणाली. "लिनक्स काही लपवत नाही. जवळून सुरुवात करा आणि एकेक पायरी पुढे जा."

ती सांगत गेली, मी काळ्या खिडकीत आज्ञा लिहीत गेलो. पहिला प्रश्न: यंत्राच्या पोटात वायफायचे कार्ड आहे, हे त्याला स्वतःला माहीत आहे का? 'एलएसपीसीआय' असे लिहिताच त्याने पोटातल्या सगळ्या कार्डांची यादी वाचून दाखवली. कार्ड होते. मग ते काम का करीत नाही? 'डीमेसेज' ही दुसरी आज्ञा म्हणजे यंत्राची रोजनिशी. जागे झाल्यापासून काय काय घडले ते त्यात ओळीने लिहिलेले असते. तिथे एक ओळ सापडली: फर्मवेअरची फाईल मिळाली नाही.

फर्मवेअर म्हणजे कार्डाला शुद्धीवर आणणारा मंत्र. ते कार्डाच्या उत्पादकाचे असते. काही कार्डांचे फर्मवेअर इतरांनी वाटण्याची परवानगी नसते, म्हणून ते लिनक्सच्या डिस्कवर येत नाही. नेटवरून उतरवून घ्यावे लागते. म्हणजे नेट सुरू करण्यासाठी नेट हवे! पेटीची किल्ली पेटीतच.

आमच्या गावावर रायगडाची सावली आहे. गडाचे दरवाजे संध्याकाळी मिटले तेव्हा तान्ह्या लेकरासाठी कड्यावरून उतरलेल्या हिरकणीची कथा इथे पोरेसोरे सांगतात. दरवाजा बंद असेल तर कडा असतो. आमचा कडा म्हणजे माझा मोबाइल. मोबाइल तारेने संगणकाला जोडला तर त्याचे नेट संगणकाला मिळते, आणि त्या तारेसाठी वायफायचे कार्ड लागत नाही. अडचण एवढीच, की आमच्या घरात मोबाइलला रेंज येते ती फक्त मागच्या पडवीच्या कोपऱ्यात, आणि तीही दोन दांड्या. त्यात समोरासमोर बोलणे शक्य नाही. पण एक लहानशी फाईल उतरेल. संगणक, पडदा आणि टेबल अशी वरात पडवीत गेली. अर्ध्या तासाने फाईल उतरली. यंत्र बंद करून पुन्हा सुरू केले.

तरी वायफाय नाहीच. 'आरएफकिल लिस्ट' असे विचारल्यावर उत्तर आले: सॉफ्ट ब्लॉक्ड, येस, हार्ड ब्लॉक्ड, नो. म्हणजे कळ दाबून कुणी बंद केलेले नाही. हुकुमाने बंद आहे. हुकूम कुणाचा? माझाच. सकाळी चिडून जी बटणे दाबली, त्यांत विमानप्रवासात वापरायचे एक होते. ते दाबले की यंत्र सगळे बिनतारी व्यवहार थांबवते, आणि ती आठवणही पक्की ठेवते. 'आरएफकिल अनब्लॉक वायफाय' लिहिले, आणि भोवतालच्या जाळ्यांची नावे पडद्यावर दिसू लागली. सर्वांत वर, सर्वांत ठळक, आमचेच नाव. मी परवलीचा शब्द लिहिला. यंत्र क्षणभर घुटमळले आणि त्याने पुन्हा परवलीचा शब्द विचारला. पुन्हा लिहिला. पुन्हा विचारला.

इथवरचे बिघाड सोपे होते. आता खरे सांगायला हवे.

वायफायचा राउटर आमच्या घरात नव्हता. तो भिंतीपलीकडे, दादाच्या घरात होता. दादा म्हणजे माझा चुलतभाऊ, माझ्याहून सहा वर्षांनी मोठा. आजोबांचे एक घर. मध्ये भिंत घालून त्याची दोन झाली. दादा इथेच राहिला, शेती करीत. मी ठाण्याला गेलो. २२ जुलै २०२१ ला महाडात पुराचे पाणी शिरले आणि तळिये गावावर दरड कोसळली, तेव्हा मला दोन दिवस आईचा फोन लागत नव्हता. तिसऱ्या दिवशी लागला तो दादाचा. तो एवढेच म्हणाला, "काकी माझ्याकडे आहे. जेवली." त्यानंतरच आम्ही दोघांनी निम्मे निम्मे पैसे घालून घरात नेट घेतले.

आणि पुढे एका फणसावरून बिनसले. फणस आजोबांनी लावलेला, बरोबर सामायिक हद्दीवर. तो आतून पोकळ झाला होता आणि कौलांवर झुकला होता, म्हणून दादाने तोडला. मला कळल्यावर मी फोनवर म्हणालो, "विचारायचं तरी. अर्धं झाड माझं होतं." दादा म्हणाला, "तुझं अर्धं काकीच्या अंगावर पडलं असतं, तर उचलायला आला असतास का?" त्यावर मी फोन ठेवला. त्याला दीड वर्ष झाले होते. निरोप आईच्या किंवा वहिनीच्या तोंडून जात. आमचे दोघांचे बोलणे नाही.

म्हणून परवलीचा शब्द चुकीचा असेल, ही शंका मला सुचलीच नाही. खरे म्हणजे, सुचू दिली नाही. ती खरी ठरली असती तर विचारायला भिंतीपलीकडे जावे लागले असते. मी दोन दिवस इतर सगळे तपासले. जाड भिंत लहरींना अडवते, म्हणून टेबल ओटीवर आणले. सिग्नल चांगला ठणठणीत. कार्डाची वीज वाचवण्याची सोय बंद केली. यंत्राचे घड्याळसुद्धा तपासले. लक्ष्मीपूजन झाले, पाडवा झाला. आईने एकदाही विचारले नाही. पाडव्याच्या संध्याकाळी मात्र तिने निरांजन घासून लखलखीत केले आणि टेबलावर पडद्याशेजारी ठेवले.

रात्री मुलगी फोनवर म्हणाली, "बाबा, जर्नल वाचलंत का?"

वाचले नव्हते. 'जर्नलसीटीएल' लिहून ती लांबलचक नोंद उघडली. शेवटापाशी एक ओळ होती. तिचा सरळ मराठी अर्थ असा: चार टप्प्यांचे हस्तांदोलन फसले, आधी वाटून घेतलेली किल्ली बहुधा चुकीची आहे.

हस्तांदोलन हा खरोखरच त्या शास्त्रातला शब्द आहे. मुलीने समजावून सांगितले. राउटर आणि संगणक एकमेकांना परवलीचा शब्द कधीच उघड सांगत नाहीत, कारण हवेतले बोलणे कुणीही ऐकू शकतो. राउटर एक आकडा पाठवतो. संगणक आपला एक आकडा आणि आपल्याजवळच्या किल्लीने काढलेली खूण पाठवतो. ती पटली तर राउटर आपली खूण पाठवतो, आणि संगणक 'पोचले' म्हणतो. दोघांपाशी किल्ली एकच असेल तरच हे जमते. एकाकडची बदलली आणि दुसऱ्याला कळले नाही, तर लहरी कितीही जोरदार असोत, दुसऱ्या टप्प्यापुढे गाडी जात नाही.

मी काळी खिडकी मिटली आणि बराच वेळ ओटीवर बसून राहिलो.

भाऊबीजेच्या सकाळी मी पलीकडे गेलो. भाताची कापणी चालू होती. दादा खळ्यात पेंढ्या रचीत होता. मला पाहून तो थांबला नाही. मी सरळच विचारले, "दादा, वायफायचा पासवर्ड बदललास का?"

"जूनमध्ये वीज पडली तेव्हा जुनं खोकं जळालं," तो पेंढी ठेवीत म्हणाला. "नवं आणलं. पोरानं नाव तेच ठेवलं, पासवर्ड दुसरा टाकला."

"कळवायचं तरी."

"म्हटलं, लागेल तेव्हा विचारशील."

मी गप्प राहिलो. मग म्हणालो, "फणसाचं मी बोललो ते चुकलंच."

त्याने पाठ सरळ केली आणि घाम पुसला. "मीही तुला विचारायला हवं होतं," तो म्हणाला. "सांगायचा धीर नव्हता. आजोबांचं झाड होतं." मग घराकडे तोंड करून त्याने हाक मारली, "अगं, भावोजी आलेत. चहा टाक."

दुपारी आईने नवे लुगडे नेसून पडद्यापुढे पाट मांडला. बडोद्याला मामा खुर्चीत बसला होता, डोक्यावर टोपी घालून. आईने निरांजन ओवाळले. त्याच वेळी तिकडे मामाच्या सुनेने त्याच्या कपाळाला कुंकू लावले. आई पडद्याला नाक लावून म्हणाली, "वाळलास रे." शब्द तिकडे पोचायला क्षणभर लागला. मग मामा हसला. दादा आणि वहिनी दारात उभी होती. दादाने हळूच मला विचारले, "आता नीट लागतंय ना?"

कालिदासाच्या मूळ काव्यात ढगाने निरोप पोचवला की नाही, ते कळत नाही. यक्ष ढगाला आशीर्वाद देतो आणि काव्य संपते. वायफायचे शास्त्र इतके सोशिक नाही. तिथे धाडलेल्या तुकड्याची पोच लागलीच यावी लागते. ती आली नाही तर तुकडा पुन्हा धाडायचा असतो. मी एकदा फोन ठेवला आणि दीड वर्ष पुन्हा काही धाडलेच नव्हते.

नवा परवलीचा शब्द काय, ते अर्थातच सांगत नाही. तो सांगायचा नसतो. त्यात एका झाडाचे नाव आहे आणि पुतण्याने ते इंग्रजी अक्षरांत चुकीचे लिहिले आहे, एवढेच सांगतो. आम्ही ते सुधारलेले नाही.