अर्धा सेकंद

आमच्या घरी एक कॅसेट आहे. तिच्यावर बॉलपेनने फक्त 'जाखडी, रेडिओ' एवढंच लिहिलंय. 1981 च्या गणपतीत आमच्या गावातल्या मंडळाचं रेकॉर्डिंग रत्नागिरी आकाशवाणीत झालं. ते रेडिओवर लागलं तेव्हा कुणीतरी समोर टेपरेकॉर्डर ठेवून उतरवून घेतलं, तीच ही कॅसेट. ढोलकी बाबांची, वय वर्षं एकवीस. पण बाबांनी ती लावलेली मी जन्मात पाहिली नाही. कधीही विचारा, उत्तर एकच: "खराब झालीय ती."

मागच्या महिन्यात दोन सुट्ट्या जोडून घरी गेलो तेव्हा म्हटलं, खराब तर खराब, इंजिनियर कशाला झालोय आपण? एक जुना डेक मिळवला, हेड स्पिरिटने पुसलं, लॅपटॉपवर ऑडॅसिटी उघडलं आणि प्ले दाबलं.

कॅसेट अजिबात खराब नव्हती. खरखर होती, पण ती असणारच.

ज्यांनी जाखडी पाहिली नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. मध्ये शाहीर, ढोलकीवाला आणि झांजवाले बसतात आणि त्यांच्याभोवती पायात चाळ बांधलेले नाचणारे गोल फिरतात. आधी गण, मग गवळण, मग सवाल-जवाब. लय हळूहळू चढते आणि ती चढवतात नाचणाऱ्यांचे पाय. ढोलकीवाल्याचं निम्मं लक्ष त्या पायांकडे असतं.

आता ही सगळी वरात स्टुडिओत कशी बसवायची? मी विचारत गेलो तसे बाबा सांगत गेले. रेकॉर्डिंग मोनो, म्हणजे सगळ्यांचा आवाज पाव इंच रुंदीच्या टेपवर एकत्र जाणार. आज आपण प्रत्येक वाद्य वेगळ्या ट्रॅकवर घेतो आणि नंतर निवांत बसून आवाज कमी-जास्त करतो. तिथे 'नंतर' नावाची गोष्टच नव्हती. मिक्सिंग म्हणजे माणसं सरकवणं! झांजवाल्यांना पार भिंतीपाशी नेलं, ढोलकी मायक्रोफोनपासून चार हात मागे आणि शाहीर म्हणजे माझे मोठे काका अगदी पुढे. नाचणाऱ्यांपैकी फक्त दोघांना आत घेतलं आणि कोपऱ्यात, बाबांच्या पाठीमागे उभं केलं. चाळ ऐकू येत होते, पाय दिसत नव्हते.

तेव्हा जगात सगळीकडेच असं चालायचं असं नाही. मोठ्या स्टुडिओत तोवर चोवीस ट्रॅकची मशिनं आली होती. पण मागे गेलात तर बीटल्सचा पहिला अल्बमसुद्धा बराचसा 11 फेब्रुवारी 1963 या एका दिवसात दोन ट्रॅकच्या टेपवर झाला. आणि आपलं गीतरामायण! 1955-56 साली पुणे आकाशवाणीवर वर्षभर गाणी होत राहिली, छप्पन्न. एक जण चुकला की सगळ्यांनी पहिल्यापासून.

आमच्या मंडळाचा पहिला टेक लाल दिव्याच्या भीतीने गेला. दुसऱ्यात ढोलकी चढली. बाहेर भाद्रपदातली दमट हवा आणि आत एसी. कातडं सुकून ताणलं गेलं आणि पेटीशी सूर जुळेना. उतरवून पुन्हा लावली. तिसरा टेक सुरू झाला तेव्हा दुपार कलली होती. मंडळातले निम्मे लोक मुंबईत गिरणीत कामाला, रजा संपलेली, संध्याकाळची एसटी.

कॅसेटवर आहे तो हा तिसरा टेक.

गवळणीच्या दुसऱ्या कडव्यात ढोलकी समेवर एक मात्रा उशिरा येते. मला आधी कळलंच नाही, कारण ऐकताना काही खटकत नाही. वेव्हफॉर्मवर मात्रा मोजताना सापडलं. लय तोवर बरीच चढलेली, म्हणजे एक मात्रा साधारण अर्धा सेकंद. स्टुडिओतल्या टेपचा वेग सेकंदाला साडेसात इंच धरला तर जेमतेम चार इंचांची पट्टी.

आणि खटकत का नाही, तर काकांनी शेवटचं अक्षर बरोबर तेवढंच लांबवलंय. झांजवाले त्यांच्यामागे थांबलेत. सगळे मिळून एक मात्रा उशिरा, पण एकत्र समेवर येतात.

मी लगेच तो अर्धा सेकंद कापला. एकदम बेमालूम! बाबांना बोलावलं आणि ऐकवलं.

"छान झालंय," बाबा म्हणाले. मग जरा वेळाने, "तू कापलंस ना तिथे?"

मी हो म्हटलं.

"साहेबांनीपण विचारलं होतं. ब्लेड हातात घेऊन बाहेर आले, म्हणाले ढोलकी चुकली काय, तेवढं कापून टाकतो. दादा म्हणाला, ढोलकी नाही साहेब, मीच लांबवलं, आमच्यात असंच म्हणतात. साहेब म्हणाले, मग राहू दे."

"मग तुम्ही काय म्हणालात?"

"काही नाही. एसटीत पण नाही."

18 जानेवारी 1982 ला गिरण्यांचा संप सुरू झाला. मंडळातले काही गावी परतले, काही मुंबईतच दुसऱ्या कामाला लागले, आणि ती सगळी माणसं पुन्हा एका ठिकाणी बसली नाहीत. काका जाऊन नऊ वर्षं झाली. बाबांनी त्यांच्याकडे हा विषय कधीच काढला नाही.

माझ्या डोक्यात मात्र एक तांत्रिक गोष्ट घोळत राहिली. वेगवेगळे ट्रॅक असते तर बाबांची ढोलकी दुरुस्त करून काकांचा आवाज तसाच ठेवता आला असता का? नसता आला. ढोलकी वेळेवर आणली तर काकांचं ते लांबलेलं अक्षर उगाच अधांतरी राहिलं असतं, चुकल्यासारखं. बाबांची चूक आणि काकांनी सांभाळून घेणं, दोन्ही त्याच अर्ध्या सेकंदात आहेत. एक काढलं की दुसरं राहत नाही.

रात्री जेवण झाल्यावर बाबांनी विचारलं, "जुनं ठेवलंयस ना?" ठेवलं होतं. म्हणाले, "ते मोबाइलवर दे."

मला वाटलं स्वतः ऐकतील. सकाळी पाहिलं तर भावकीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर फाइल टाकलेली, न कापलेली. खाली एक ओळ: 'दुसऱ्या कडव्यात ढोलकी चुकली आहे. चूक माझी होती, दादाची नाही.'

एका चुलतभावाने अंगठा दाखवला आणि विचारलं, "कुठे चुकलीय?"