बुडाखालचं नाव

रविवार. कोल्हापूरच्या टाउन हॉलच्या संग्रहालयात मंडळी पोसायडनच्या इवल्याशा कांस्यमूर्तीपाशी रेंगाळतात. ती मात्र मातीच्या भांड्यांसमोर वाकून बुडं न्याहाळत होती. सवयच तशी, घरात नवी कपबशी आली, की आधी उलटी करून शिक्का बघायचा.

याच शहरात, पंचगंगेकाठच्या ब्रह्मपुरीच्या टेकाडावर १९४५-४६ साली ह. धी. सांकलिया आणि मो. गं. दीक्षित यांनी उत्खनन केलं. सातवाहनकाळातली वस्ती निघाली, रोमशी असलेल्या व्यापाराच्या खुणाही निघाल्या. त्याच १९४५ मध्ये पुद्दुचेरीजवळ अरिकमेडूला पुरातत्त्वज्ञ मॉर्टिमर व्हीलरना इटलीतल्या अरेझ्झो पद्धतीची लाल, चकचकीत खापरं मिळाली. त्यांवर 'विबीए', 'कामुरी', 'इट्टा' असे बनवणाऱ्यांचे ठसे! त्या खापरांमुळे थराचा काळ ठरला, आणि सोबत सापडलेल्या देशी भांड्यांनाही तारीख मिळाली. उसनवारीचीच म्हणा.

इथल्या साध्या घागरीवर कुंभार सहसा नाव घालत नसे.

पण हात लपत नाही. फिरत्या चाकावरून दोऱ्यानं कापलेल्या बुडावर शिंपल्यासारख्या वळणदार रेषा उमटतात. थापटून फुगवलेल्या मडक्याच्या पोटात, आतून टेकवलेल्या दगडाचे उथळ खळगे बोटांना लागतात. काठाची ठेवण, मातीचा पोत, वरचा लाल लेप यांवरून अभ्यासक भांड्यांचे गट पाडतात. त्यातून काळ कळतो, कधी परिसरही. कुंभार कळत नाही. तिला हे जरा अन्यायाचंच वाटतं.

आणि काचेआडचं भांडं उलटं करता येत नाही, ही वेगळीच पंचाईत. खाली एक आरसा ठेवायला काय हरकत आहे?