शेवटचा पाना

धर्मगुरूने ट्रॅक्टरविषयी लिहावे, हे वाचकांस कदाचित विचित्र वाटेल. परंतु पनवेलच्या आमच्या धर्मग्रामाच्या वसतिगृहामागे दीड एकर जमीन आहे. पावसाळ्यात तीत भात होतो, भात कापल्यावर जमिनीतल्या ओलाव्यावर वाल पेरले जातात, आणि या शेतीचा, शेणखताचा व दरवर्षी गाळाने भरणाऱ्या नाल्याचा सारा भार एका जुन्या, छोट्या ट्रॅक्टरवर आहे. त्याच्या पुढच्या बाजूस माती उचलणारा लोडर बसविलेला आहे. वसतिगृहातील मुले त्याला ‘फादरांचा जेसीबी’ म्हणतात. नवी मुंबई विमानतळासाठी उलव्याची टेकडी सपाट करणारी अजस्र यंत्रे या परिसराने पाहिली आहेत. त्यांच्यापुढे आमचे यंत्र म्हणजे खेळणेच. तेव्हा या नावात थट्टा किती आणि माया किती, हे मी कधी विचारले नाही.

गेल्या वर्षी मे महिन्याच्या अखेरीस नाल्यातील गाळ काढण्याचे काम चालू होते. ट्रॅक्टर चालविणारा तरुण कर्नाळ्याच्या बाजूच्या एका ठाकूरवाडीतला. तीन वर्षे तो आमच्याकडे होता. दुपारी अकराच्या सुमारास त्याने भरलेली बकेट खाली घेण्यासाठी दांडा पुढे ढकलला आणि हात सोडला. दांडा मधल्या जागी परत यायला हवा होता. तो आला नाही. बकेट खाली येतच राहिली आणि पाण्याच्या सिमेंटच्या टाकीवर टेकून तिने टाकीची कड फोडली. पाच पावलांवर वसतिगृहातील दोन मुले उभी होती.

मी धावत गेलो. मुलांना खरचटलेही नव्हते. पण भीती ओसरली की तिची जागा राग घेतो, आणि रागाला समोर कोणीतरी माणूस लागतो. “फादर, मी हात कदीच सोडला होता. दांडा माघारी आलाच नाय,” तो सांगत होता. संध्याकाळी मी स्वतः ट्रॅक्टर चालू केला, दांडा दहादा पुढे-मागे केला. दरवेळी तो टक्‌कन मधोमध आला. मला एवढा पुरावा पुरेसा वाटला. रविवारी मिस्सेनंतर अंगणात, चार माणसांदेखत मी त्याला म्हणालो, “यंत्र खोटे बोलत नाही. तुझे लक्ष मोबाइलमध्ये होते.” आणि त्याला कामावर येऊ नकोस, असे सांगितले. तो काही बोलला नाही. खिशातली किल्ली काढून त्याने ओट्यावर ठेवली आणि निघून गेला.

पुढच्याच आठवड्यात दांडा माझ्याच हाताखाली अडकला. सुदैवाने बकेट रिकामी होती आणि जवळपास कोणी नव्हते.

एका जाणकाराने सारा व्हॉल्व्हच बदला, असा सल्ला दिला. तेवढे पैसे नव्हते, म्हणून मी जुन्या पनवेलमधल्या एका साठी उलटलेल्या मिस्त्रींना बोलावले. त्यांनी आल्या आल्या पाना हाती घेतला नाही. त्यांनी खाली बसून मला हे यंत्र समजावून सांगितले.

सेमिनरीत आम्ही पास्कल वाचला तो श्रद्धेवरील चिंतनासाठी. कोंडलेल्या द्रवावर एका ठिकाणी दिलेला दाब सर्व दिशांना सारखाच पोहोचतो, हा सिद्धांतही त्याच पास्कलचा; त्याच्या मृत्यूनंतर १६६३ साली तो ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाला. त्याच तत्त्वावर इंग्लंडमध्ये जोसेफ ब्रामा याने १७९५ साली हायड्रॉलिक दाबयंत्राचे पेटंट घेतले, आणि आमचा लोडरही त्याच तत्त्वावर चालतो. पंप तेलावर दर चौरस सेंटिमीटरला दीडशे किलोच्या आसपास दाब आणतो. सिलिंडरचा आतला व्यास पाच सेंटिमीटर असला, तर त्याच्या दट्ट्यावर जवळजवळ तीन टनांचा रेटा येतो. एवढ्या शक्तीला वाट दाखविण्याचे काम व्हॉल्व्हमधली एक बोटभर जाडीची पोलादी दांडी करते. मिस्त्री तिला स्पूल म्हणतात. स्पूल एका बाजूस सरकली की तेल सिलिंडरच्या एका टोकाला जाते आणि बकेट उचलली जाते. दुसऱ्या बाजूस सरकली की बकेट उतरते. हात सोडला की टोकाची स्प्रिंग तिला मधोमध आणते आणि सारे थांबते. स्पूल आणि तिचे भोक यांच्यामधली फट पाच ते पंधरा मायक्रॉनची; माणसाचा केस साधारण सत्तर मायक्रॉन जाड असतो. म्हणून प्रत्येक स्पूल तिच्याच भोकासाठी घासून बसवलेली असते. शेजारची तेथे चालत नाही. आणि म्हणूनच, मिस्त्री म्हणाले, अडकलेल्या स्पूलला हातोडी मारणारा किंवा पॉलिश पेपर लावणारा माणूस व्हॉल्व्हचा शत्रू.

मग त्यांनी बकेट जमिनीला टेकवली, इंजिन बंद केले आणि दांडे दोन्ही बाजूंना हलवून तेलातला दाब मोकळा केला. “उचललेल्या बकेटखाली उभं राहायचं नाही, आणि गळती हातानं चाचपायची नाही,” ते म्हणाले. सुईच्या अग्राएवढ्या छिद्रातून उडणारे तेल कातडी भेदून आत शिरते. जखम टाचणीएवढी दिसते आणि बोट गमवावे लागते.

त्यानंतरचा त्यांचा क्रम माझ्या कायम ध्यानात राहिला आहे. आधी बाहेरचे. दांडा आणि स्पूल यांना जोडणारी पिन त्यांनी काढली. सांध्यात चिखल होता, गंज होता. तो साफ केला. पण पिन काढूनही स्पूल हाताला जड लागत होती, म्हणजे दोष एकट्या सांध्याचा नव्हता. मग टोपण उघडले. वरचे रबर फाटलेले होते, तरी आत पाणी शिरले नव्हते. स्प्रिंग शाबूत होती. मग तेल. बाटलीभर तेल त्यांनी रात्रभर खिडकीत ठेवले. पाणी मिसळले असते तर ते दुधी दिसले असते, कचरा असता तर तळाला बसला असता. सकाळी तेल स्वच्छ होते.

“आता तापवून बघू,” मिस्त्री म्हणाले. अर्धा तास लोडर चालविला. थंडपणी सुरळीत चालणारा दांडा हळूहळू जड झाला आणि एका क्षणी ढकलला तेथेच राहिला. त्यांनी बकेट टेकवून इंजिन बंद केले आणि माझ्याकडे वळून विचारले, “फादर, याला शेवटचा पाना कोणी लावला?”

मी उत्तर देण्यापूर्वीच मला उत्तर ठाऊक होते. ईस्टरनंतरच्या आठवड्यात व्हॉल्व्हखाली तेलाचे थेंब दिसले होते. बोल्ट सैल असतील असे समजून मी ते आवळले होते, आणि जोर पुरेना म्हणून पान्याच्या दांड्यावर लोखंडी नळी चढवून आवळले होते. व्हॉल्व्ह ज्या पट्टीवर बसतो, तिच्या एका कोपऱ्यावर जुन्या रंगाचा जाड थर होता. माझ्या जोराने व्हॉल्व्हचे ओतीव अंग त्या उंचवट्यावर किंचित पिळले गेले होते. केसाच्या सातव्या हिश्श्याइतकी जागा, तीही मी हिरावून घेतली. थंड असताना स्पूल कशीबशी निभावत होती. तेल तापून पोलाद जरासे फुगले की अडकत होती. संध्याकाळी, यंत्र थंड असताना, मी जो पुरावा गोळा केला होता, तो माझ्याच चुकीने मला दिलेली साक्ष होती.

मिस्त्रींनी चारही बोल्ट अर्धा-अर्धा फेरा सैल केले. टक्‌ असा आवाज झाला आणि दांडा आपणहून मधोमध आला. पुढे पट्टी घासून सपाट करणे, झिजलेली ओ-रिंग बदलून खरी गळती बंद करणे, फाटके रबर बदलणे आणि बोल्ट साध्या हाताने, आळीपाळीने, सारखे आवळणे, एवढेच काम उरले. तासाभरात ते आटोपले.

दुसरे काम मात्र तासाभराचे नव्हते. तीस वर्षे मी इतरांचे पापनिवेदन ऐकत आलो. चूक कबूल करणे अवघड का असते, यावर प्रवचनेही दिली. त्या संध्याकाळी वाडीची चढण चढताना ती प्रवचने मला फार सोपी वाटू लागली. तो अंगणातच होता. मी त्याला सारे सांगितले: नळी, बोल्ट, रंगाचा थर. त्याने शांतपणे ऐकले आणि विचारले, “मंग दांडा गरम झाल्यावरच अडकायचा ना? मी त्येच सांगनार व्हतो.” मी त्याला ते सांगू दिले नव्हते.

ज्या अंगणात मी त्याला बोललो होतो, तेथेच पुढच्या रविवारी, मिस्सेनंतर, माझी चूक मी सांगितली. बुडालेला रोज दिला. पण तो कामावर परतला नाही. मधल्या दिवसांत त्याला दुसरीकडे मोठे यंत्र चालवायचे काम मिळाले होते. एकदाच तो आला, नव्या मुलाला दांडा कसा धरायचा हे दाखविले, हात सोडून तो मधोमध येतो का ते तीनदा पाहिले आणि त्याला म्हणाला, “जड लागला का लगेच बंद कर. आनि फादरांना सांग.”

नवा मुलगा तसे सांगतो. ट्रॅक्टर तापलेला असताना मी जाऊन पाहतो. पाना मात्र मिस्त्रींच्या हाती देतो.