मामांचा ट्रक आणि कुंभार्ली घाट

नरकचतुर्दशीच्या पहाटे आमच्या कराडच्या आजोळी पहिले तेल मिळते ते ट्रकला. माणसांचे अभ्यंगस्नान त्यानंतर! मामांचा हा जुना दंडक आहे.

ट्रक 1964 सालचा. टाटांनी 1954 मध्ये जर्मनीच्या डेम्लर-बेंझ कंपनीशी पंधरा वर्षांचा करार करून जमशेदपूरला जे मालट्रक बांधले, त्यांपैकी हा एक. करार 1969 मध्ये संपला आणि नव्या गाड्यांवरचा तो तीन पात्यांचा तारा गेला. आमच्या ट्रकच्या जाळीवर मात्र तो अजून आहे. मामा पूर्वी याच गाडीवर पगारी चालक होते. 11 डिसेंबर 1967 च्या भूकंपानंतर कोयनानगरला घरांवर घालायचे पत्रे त्यांनी नेले, ते याच गाडीने. पुढे मालकाने ती विकायला काढली, तेव्हा मामींनी हातातल्या पाटल्या उतरवून दिल्या. आता धंदा बंद झाला. पण वर्षातून एक फेरी ठरलेली. भाऊबीजेला कराडहून चिपळूणला, माझ्या आईकडे!

चार वर्षांपूर्वी ती फेरी चुकली. इंजिन म्हातारे झाले, तेव्हा तेल जितके दाट तितके बरे, असा हिशेब करून मामांनी काकवीसारखे जाड तेल भरले. पहाटेच्या गारठ्यात गाडी सुरू केली आणि लगेच हाकली. काट्यावर दाब उत्तम दिसत होता. पण दाब दिसला म्हणजे तेल पोचलेच असे नाही! गार, जाड तेल अरुंद वाटांतून सरकेना. पाटणच्या अलीकडे इंजिन ठोकू लागले. बेअरिंग खाल्ले गेले होते. आई ओवाळणीचे तबक घेऊन तिन्हीसांजेपर्यंत दारात उभी होती.

त्यानंतर इंजिन उतरवले, बेअरिंगे बदलली. पण सुट्या भागांच्या शोधातच तीन दिवाळ्या गेल्या. गेल्या दिवाळीपूर्वी इंजिन पुन्हा जागेवर बसले आणि तेलाचा प्रश्न घरात ऐरणीवर आला. गाडीची पुस्तिका होती, पण वाळवीने नेमके वंगणाचेच पान निवडले होते. मामांचा नातू पुण्याहून महागडे सिंथेटिक तेल घेऊन आला. डब्यावर लिहिले होते 5डब्ल्यू-30.

“आजोबा, याच्याहून भारी तेल बाजारात नाही!”

मिस्त्रींनी डबा फिरवून पाहिला. “तेल भारीच आहे, बाळ. पण ते दुसऱ्याच्या मापाचं आहे.”

मग त्यांनी आम्हा सर्वांची शिकवणीच घेतली. डब्ल्यू म्हणजे हिवाळा. त्याच्या आधीचा आकडा तेल थंडीत किती सहज वाहते ते सांगतो. नंतरचा आकडा तापल्यावर त्याचा दाटपणा किती टिकतो ते सांगतो. नव्या मोटारींच्या भागांत फटी अगदी बारीक असतात, त्यांना पातळ तेल मानवते. आमच्या ट्रकचे भाग साठ वर्षे झिजलेले. तापून पातळ झालेले तेल तिथे दाब धरणार नाही, जुन्या गॅस्केटांतून पाझरेल आणि रिंगांवरून चढून जळेल. शिवाय डब्यावर ‘एस’ने सुरू होणारा वर्ग असला तर ते पेट्रोलच्या इंजिनाचे, ‘सी’ने असला तर डिझेलचे. डिझेल काजळी फार धरते. तिला पोटात घेऊन हिंडणारे तेलच हवे.

मिस्त्रींनी 20डब्ल्यू-40 चे डिझेलचे तेल सांगितले. मात्र ते भरण्यापूर्वी खालचा चेंबर पुन्हा उघडायला लावला. कित्येक वर्षे साध्या पिंपातल्या तेलावर चाललेल्या इंजिनात डांबरासारखा गाळ बसलेला असतो. नव्या तेलातली साफ करणारी द्रव्ये तो एकदम सोडवतात आणि तोच गाळ तेलाच्या वाटा बुजवतो. इंजिन उतरवले तेव्हा बरेचसे धुतले होते. तरी जाळीजवळून ओंजळभर निघालाच. मामा त्याकडे पाहत बसले. “एवढं घेऊन चालत होता बिचारा!” एवढेच म्हणाले.

भाऊबीजेच्या पहाटे गाडी सुरू केली आणि काही मिनिटे नुसती गुरगुरू दिली. चाकावर मामेभाऊ, शेजारी मामा, मधे मी आणि मागे कराडच्या गुळाच्या दोन ढेपा. पाटण मागे पडले. डाव्या-उजव्या हाताला कोयना खेळवत रस्ता कोयनानगरला पोचला. धरणाआड अडवलेले हे पूर्वेकडचे पाणी डोंगरातून बोगद्याने पश्चिमेला उतरते, पोफळीला वीज करते आणि वाशिष्ठीला मिळते. आम्हीही हेळवाक सोडून तीच दिशा धरली. कुंभार्लीच्या वळणांवर कोकणाची उबदार हवा तोंडावर आली. मामांचे डोळे मात्र काट्यावर!

चिपळूणला आई दारातच होती. ट्रकचा आवाज तिने वळणावरच ओळखला होता. “दादा, या खेपेला कोणतं तेल घातलंस?”

“तुझ्या-माझ्या वयाला सोसेल असं,” मामा म्हणाले आणि पाटावर बसले.

खरी परीक्षा परतीच्या चढाची. दुपारचे ऊन, खालचा गिअर, तापलेले इंजिन. काटा थोडा उतरला आणि तिथेच थांबला. घाटमाथा येईपर्यंत आम्हा तिघांपैकी कोणी बोलले नाही.

कराडला नातवाने तेलाची पट्टी ओढून पाहिली आणि तो दचकला. “आजोबा, एवढ्यातच काळं झालं!”

“व्हायलाच हवं,” मिस्त्री म्हणाले. “घाण त्याच्यात आली म्हणजे इंजिनात राहिली नाही. थोडं चालवून हे पहिलं तेल लवकर काढून टाकू.”

मामांनी पट्टी फडक्याला पुसली आणि फडके घडी करून पुढच्या दिवाळीसाठी ठेवून दिले.